पहिली खेप रिकामी

बोरिवली (पश्चिम), मुंबई
मंगळवार, सकाळ

ती. धोंडिराम दादा यांस,

दशरथचा दोन्ही हात जोडून नमस्कार. एरवी पाया पडलो असतो, पण डॉक्टरांनी एकदम खाली वाकू नका म्हणून सांगितलं आहे, तेव्हा राहिलेला अर्धा नमस्कार शिमग्याला येऊन पुरा करीन. तुमचा डावा गुडघा कसा आहे? वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, आणि निघाल्यावर त्यांना तुम्ही पूर्वीसारखेच दिसता की काही फरक पडला? मांगरात पालथी घातलेली होडी वाळवी न लागता आहे ना? (नलिनी विचारते, मी नाही. पण ती विचारते म्हणून मीही विचारतो.)

पत्र का लिहितो आहे याचं तुम्हांला नवल वाटेल. दर रविवारी तुमचा फोन येतो, तो तुमची बहीण स्पीकरवर ठेवून भाजी निवडते. तुमच्याकडेही सूनबाई तो स्पीकरवरच ठेवतात, कारण मागून कोंबड्या ऐकू येतात. म्हणजे आपण दोघे बोलतो तेव्हा बोरिवलीपासून तुमच्या खाडीपर्यंत दोन्ही घरं आणि एक खुराडं ऐकत असतं. जे सांगायचं आहे ते असं सांगता येण्यासारखं नाही. म्हणून कागद. आमचा वर्कशॉपमधला काशीराम जत्रेसाठी गावी येतो आहे, त्याच्या हाती देतो. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे. काशीराम प्रामाणिक आहे, पण पाकीट बघितलं की त्याचे डोळे लहान होतात हे मी वीस वर्षं बघतो आहे.

ऑगस्टात मला काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे. जोगेश्वरीला वर्कशॉपमध्ये लेथजवळ उभा होतो, बेअरिंगचा आवाज बदलल्यासारखा वाटला म्हणून कान लावला, आणि लक्षात आलं की लेथ ठीक आहे, आवाज माझ्या छातीतून येतो आहे. दोन स्टेंट बसले. तिसऱ्या दिवशी सौरभने हॉस्पिटलातच माझ्या पँटच्या खिशातून वर्कशॉपची चावी काढून घेतली. ती चावी तुम्ही पाहिली आहे, पितळेची, लांब, जुन्या बेअरिंगच्या कडीत अडकवलेली. सोळाव्या वर्षी मी जोगेश्वरीत एकाच्या कारखान्यात लोखंडाचा भुगा झाडायला लागलो, आणि ज्या दिवशी स्वतःचं शटर उघडलं त्या दिवसापासून एकतीस वर्षं ते शटर माझ्याशिवाय कोणी उघडलेलं नाही. मुलगा इंजिनिअर आहे, हुशार आहे, पण शटर वर जाताना तिसऱ्या पट्टीपाशी कुरकुरतं तेव्हा डावीकडून धक्का द्यायचा असतो हे कॉलेजात शिकवत नाहीत.

खूप बोललो, रुसलो, एक वेळ जेवलोही नाही (नलिनीने ताट झाकून ठेवलं, साडेतीनला मी ते उघडलं). शेवटी सून मध्ये पडली. श्वेता फिजिओथेरपिस्ट आहे, माणसांना पुन्हा चालायला शिकवते, तेव्हा तिला हट्टी माणसांची सवय आहे. तिने करार घातला. आठ आठवडे तिच्या पद्धतीने व्यायाम करायचा, रोजची नोंद वहीत ठेवायची, दर रविवारी ती आणि सौरभ वही तपासणार. आठ आठवड्यांनी वहीतले आकडे सांगतील की पप्पा तयार आहेत, तर चावी परत. नाही सांगितलं, तर चावी कायमची सौरभकडे, आणि मी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या लोकांत. दादा, आमच्या बिल्डिंगखालचा तो बाक मी नीट पाहिलेला आहे. त्यावर बसलेला माणूस परत उठून कामाला गेल्याचं मला आठवत नाही.

आता व्यायाम कोणता, तर वल्ही मारायचा. हसू नका. बिल्डिंग नवी झाली तेव्हा बिल्डरने तळमजल्यावर जिम दिली, तिच्यात एक रोइंग मशीन आहे. लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पुढे जाळीत एक पंखा, पंख्याला साखळी आणि साखळीला दांडा. पाय पट्ट्यांत अडकवायचे, दांडा धरून ओढायचं, की पंखा फिरतो आणि समोरच्या पडद्यावर लिहून येतं की तुम्ही इतके मीटर गेलात. जात कुठेच नाही. पाणी नाही, काठ नाही, समोर भिंतीवर आमच्या सेक्रेटरी माणिकरावांनी लावलेली पाटी, ‘चप्पल बाहेर काढा’. तुम्ही चाळीस वर्षं खाडीवर तरीची होडी चालवलीत, माणसं, सायकली, एकदा तर अख्खी वरात पलीकडे नेलीत. तुमचा मेहुणा पाचशे मीटर ओढून त्याच पाटीसमोर असतो.

श्वेताने बेत असा आखून दिला: पाचशे मीटर ओढायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा पाचशे. अशा चार फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. हा बेत तिने मशीनच्या एका बटणावर बसवून ठेवला, ते दाबलं की मशीन स्वतःच फेऱ्या आणि विश्रांती मोजतं आणि शेवटी सगळ्या वेळा आपल्या पोटात साठवतं. पहिला आठवडा नुसता बसायचं कसं, ओढायचं कसं. दुसऱ्या आठवड्यापासून नोंद.

वहीच्या बाबतीत मला शिकवायची गरज नव्हती. वर्कशॉपमध्ये प्रत्येक जॉबचं कार्ड असतं, तशीच वही आखली: तारीख, फेरी, वेळ, मिनिटाला किती स्ट्रोक, दम, शेरा. पानांना आधीच आकडे घातले, म्हणजे पान फाडता येऊ नये. (हा नियम मीच केला होता, इतरांसाठी.) ‘दम’ या रकान्याचं सांगतो. श्वेताचं म्हणणं, प्रत्येक फेरीनंतर एक पुरं वाक्य मोठ्याने बोलून बघायचं. बोलता आलं तर दम शाबूत, अडखळलं तर पुढची फेरी हळू. मी वाक्य ठरवलं, “सौरभ, वर्कशॉपची चावी मला परत दे.” पहिल्या फेरीनंतर वाक्य पुरं व्हायचं. दुसरीनंतर, “सौरभ, चावी दे.” तिसरीनंतर नुसतं “चावी”. चौथीनंतर “चा”. एकदा माणिकराव दारात उभे होते, त्यांनी खरंच घरून चहा पाठवला.

दम असा, पण वेळा मात्र झकास! दोन मिनिटं छत्तीस, पस्तीस, पस्तीस, चौतीस. श्वेता म्हणाली, “पप्पा, तुमच्या वयाला, आणि स्टेंटनंतर... मला खरंच वाटलं नव्हतं.” सौरभने आकडे दोनदा वाचले. शेवटची फेरी पहिलीपेक्षा जलद, हे तर चांगल्या तयारीच्या माणसालाही जमत नाही म्हणे. आता मला आतून कसं वाटत होतं ते विचाराल तर, मी मरतो आहे असं वाटत होतं. पण यंत्र सांगतं आहे सुधारणा आहे, तेव्हा मी समजलो की सुधारणा म्हणतात ती हीच. आकडे चांगले म्हणून श्वेताने चौथ्या आठवड्यात चाराच्या सहा फेऱ्या केल्या. बटणही बदललं. आकडे तरी तसेच! मग सहाव्या आठवड्यात विश्रांती दोन मिनिटांवरून दीड मिनिट. मी जिममधून लिफ्टपर्यंत भिंतीला हात लावत जाऊ लागलो, आणि वहीत माझी प्रगती होत राहिली.

इथे काशीरामची एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं तिच्यावर आहे. (म्हणून तर डिंक.) वीस वर्षांपूर्वी तो नवा होता. पंपाचे दोनशे बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या कड्या, करायचे होते, प्रत्येक मोजून कार्डावर लिहायचा. याने दहा मोजले आणि बाकीचे एकशे नव्वद आकडे बसल्या बसल्या लिहून काढले. कार्ड हातात घेतल्यावरच मला कळलं, सगळे आकडे भावंडांसारखे एकमेकांना चिकटून होते. मी ओरडलो नाही. सगळ्यांच्या देखत त्याला दोनशेच्या दोनशे बुश परत मोजायला लावले, आणि प्रत्येक खोटा आकडा एका रेघेने खोडून बाजूला सही करायला लावली. खोडलेला आकडा खालून वाचता आला पाहिजे, गिरवून काळा करायचा नाही. चूक दिसली पाहिजे. तेव्हापासून काशीरामने न मोजता काही लिहिलेलं नाही, आणि आज तो माझा फोरमन आहे.

तर सहाव्या आठवड्यातला गुरुवार. (माझा आठवडा शनिवारी सुरू होतो, म्हणजे हा त्यातला शेवटचा दिवस.) माणिकरावांनी टाकी साफ करायची म्हणून पाणी लवकर सोडलं होतं, त्यामुळे आंघोळ आधी उरकली आणि मी सातच्या ऐवजी सहा वीसला जिमपाशी पोचलो. दार लोटलेलं. आत मशीन चालू होतं.

दादा, माझ्या कानांबद्दल लोक बोलतात ते थोडं वाढवून बोलतात, पण पुष्कळसं खरं आहे. बंद दाराआडून मी सांगतो की लेथवर कोण उभा आहे. त्या मशीनवर आमच्या बिल्डिंगमधले कोण कोण कसे ओढतात तेही मला पाठ आहे. माणिकराव झटका देतात, जसा काही मोरीतला बोळा काढायचा आहे. आठव्या मजल्यावरचा शौनक मिनिटाला छत्तीस ओढतो आणि पोचत कुठेच नाही. पण हा आवाज यातला कुणाचाच नव्हता. ओढ लांब. पंखा भरून येतो, मग दांडा परत जाताना कुठे घाई नाही, पंखा अजून गात असतानाच दुसरी ओढ. घड्याळ लावलं. मिनिटाला बावीस, पुढच्या मिनिटालाही बावीस. अशी ओढ मी एकाच ठिकाणी ऐकली आहे, माझ्या लग्नाच्या वेळी, तुमच्या तरीत बसून. मग पंखा थांबला, आणि त्या शांततेत एक बाई मोठ्याने, सावकाश, दम न लागता म्हणाली, “ओ दादा, तर हाड रेऽऽ!”

पलीकडच्या काठावरून माणसं तर आणायला तुम्हांला जी हाक मारायची, ती. नलिनी देवाला फुलं आणायला पहाटे बाहेर पडते हे मला ठाऊक होतं. फुलं कुठल्या रस्त्याने येतात ते आता कळलं.

मी मीटर रूमच्या आड उभा राहिलो. (साठीच्या माणसाने स्वतःच्या बायकोपासून मीटर रूममध्ये लपणं कसं दिसतं ते मला विचारू नका, वॉचमनने विचारलं.) ती कमरेला खोचलेला पदर सोडून, फुलांची पिशवी घेऊन निघून गेली. मी आत गेलो, नेहमीप्रमाणे ओढलं, नेहमीप्रमाणे मेलो, आणि नेहमीप्रमाणे शेवटची फेरी संपताच हात बटणाकडे गेला आणि पडदा बंद केला. हाच तो क्षण बघा. ज्या कारखान्यात मी झाडू मारायचो तिथे चालू राहिलेल्या मशीनवर एकाच्या बोटाचं पेर गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवसापासून माझा नियम: काम संपलं की आधी मशीन बंद, मग घाम पुसायचा. हात आपोआप जातो. मग बाकावर बसायचं, घाम पुसायचा, चष्मा लावायचा, मशीन पुन्हा चालू करून साठवलेल्या नोंदीतली सगळ्यात वरची, आजच्या तारखेची, वहीत उतरवायची. असं मी दर खेपेला केलं होतं.

त्या दिवशी वरची नोंद नुसती उतरवली नाही, वाचली. मिनिटाला स्ट्रोक: बावीस. मी अठ्ठावीसच्या खाली कधी ओढतच नाही.

पुढच्या वेळी, शनिवारी, हात मांडीखाली दाबून बसलो आणि शेवटची विश्रांती पुरी होऊ दिली. बेतात शेवटच्या फेरीनंतरचीही विश्रांती धरलेली असते. ती संपायच्या आत मशीन बंद केलं की ते समजतं काम अर्धवट सुटलं, आणि सगळी नोंद टाकून देतं. मग वर उरते ती आधीची. या वेळी पडद्यावर माझं खरं आलं: पहिली फेरी दोन अठ्ठावन्न, दुसरी तीन सहा, तिसरी तीन एकोणीस, पुढच्या वहिनींसमोर वाचण्यासारख्या नाहीत. पाच आठवडे, वीस ओळी, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, आणि आकडे सगळे तुमच्या बहिणीचे.

वही घेऊन घरी आलो तर श्वेता आनंदात. तिच्या हॉस्पिटलातल्या पेशंटना दाखवायला तिला माझा व्हिडिओ काढायचा होता. “उद्याच करू पप्पा, रविवार आहे, सौरभपण आहे. सहा फेऱ्या, दीड मिनिट विश्रांती, वहीत आहे तसंच. आणि इतकं छान चाललंय तर आठ आठवड्यांची वाट कशाला? उद्याच चावी देऊन टाकू.” सौरभने खुंटीवरची चावी काढून टेबलावर ठेवली. बेअरिंगच्या कडीचा काचेवर आवाज झाला. दादा, तो आवाज मी तीन महिन्यांनी ऐकला.

उरलेला शनिवार कसा गेला सांगतो. सगळे रस्ते मोजले. पोटात दुखतं म्हणावं, तर श्वेता थेट डॉक्टरांकडे नेणार. मशीन बिघडवावं, ते मला दोन मिनिटांचं काम आहे, पण चांगलं मशीन मी आयुष्यात बिघडवलेलं नाही. वहीप्रमाणे सहा फेऱ्या मारून बघाव्यात, तर ‘चा’ सुद्धा म्हणायची वेळ येणार नाही. आणि मुख्य म्हणजे समोर टेबलावर चावी, आणि डोक्यात काशीरामचे दोनशे बुश. संध्याकाळी नलिनी देवाजवळ दिवा लावत होती तेव्हा मी पट्टी आणि लाल पेन घेतलं.

रविवारी आठ वाजता जिममध्ये सगळे. श्वेता मोबाइल घेऊन, सौरभ हाताची घडी घालून, माणिकराव बोलावल्याशिवाय, आणि दारात नलिनी. मी बैठकीवर बसलो, पाय अडकवले. श्वेताने बटण दाबायला हात नेला तसा मी वही पुढे केली आणि म्हटलं, “आधी ही वाच. मग लाव.” सौरभने घेतली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. वीस ओळी, वीस लाल रेघा, वीस सह्या, आणि प्रत्येकीपुढे शेरा: ‘नोंद माझी नाही.’ कोणाची ते मी लिहिलं नव्हतं. पाचव्या पानावर तो थांबला. जिममध्ये एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, त्याचा पट्टा सैल आहे हे मी माणिकरावांना तीनदा सांगितलं आहे.

“मग कुणाची?” सौरभ म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. “पप्पा, श्वेता या आकड्यांवर तुमचं काम वाढवत होती. तुम्हांला काही झालं असतं तर? कुणाचे आकडे आहेत हे?”

माणिकरावांनी उगाचच “माझे नाहीत” असं सांगितलं.

तेवढ्यात नलिनी पुढे आली. फुलांची पिशवी माणिकरावांच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली, “उठा.” मी उठलो. ती बसली, पाय अडकवले आणि बटण स्वतःच दाबलं. दादा, मी लग्न झाल्यापासून तिला पोळ्या लाटताना पाहिलं आहे, पोरांना आंघोळ घालताना पाहिलं आहे, वर्कशॉपच्या पहिल्या वर्षी बुश घासताना पाहिलं आहे. वल्ही मारताना पाहिलं नव्हतं, तुमच्या तरीत मी वरातीतला नवरा होतो आणि खाली मान घालून बसलो होतो. पहिली फेरी, दोन छत्तीस. पंखा थांबला तशी ती समोरच्या पाटीला म्हणाली, “ओ दादा, तर हाड रेऽऽ.” श्वेताच्या हातातला मोबाइल चालू होता की नाही कोण जाणे. दुसरी, दोन पस्तीस. सहाव्या फेरीपर्यंत कोणी जागचं हललं नाही, आणि सहाव्यानंतरही तिने हाक पुरी मारली.

“आई, तू कधीपासून...” सौरभने विचारलं. दम त्याचा गेला होता.

“पयल्या दिसापासून,” ती म्हणाली. (राग आला किंवा लाज वाटली की ती अजून तुमच्या खाडीवर जाऊन बोलते.) “ह्यांका बसवच्या आदी एक खेप रिकामी मारून बघी मी. धार कशी आसा ती कळाक नको?”

त्या तिघांना काही कळलं नाही, मला समजावून सांगावं लागलं. रोज पहाटेची पहिली खेप तारी रिकामी मारतो, धार बघतो, तळ बघतो, मगच माणसं तरीत घेतो. तुमच्या वडिलांनी तसं केलं, तुम्ही केलंत. हिने श्वेताचा बेत रोज आधी स्वतःवर चालवून पाहिला. हिची छाती टिकली तर माझी टिकेल, असा तिचा हिशेब. चाराच्या सहा झाल्या, हिने सहा मारल्या. तिच्या खेपेचे आकडे बघून श्वेता माझी धार वाढवत गेली, आणि ती वाढलेली धार ही पुन्हा तपासत गेली. असं ते चक्र. मला ओढवत नाही हे तिला ठाऊक नव्हतं, कारण घरी आल्यावर मी शिट्टी वाजवत असे.

श्वेता रडली, मग रागावली, मग सगळं रद्द करून मला पुन्हा पहिल्या आठवड्यावर आणून ठेवलं. सौरभने वही मिटली. “पप्पा, काशीरामकाकांना तुम्ही काय केलं होतं?” म्हणाला. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करायचा. मला वाटायचं अभ्यास करतो. मी म्हटलं, “परत मोजायला लावलं.” म्हणाला, “मग मोजा. आठ आठवडे.” आणि खिशातून चावी काढली. ती मला द्यायची नाही हे मला कळलं, पण स्वतःच्या खिशातही त्याने परत घातली नाही. “वहीतले आकडे ज्याचे, त्याला चावी. करार तोच होता,” म्हणाला आणि आईच्या हातावर ठेवली.

तर दादा, सध्या जोगेश्वरीचं शटर तुमची बहीण उघडते. नऊ वाजता ती पुढे जाते, मी दहाला पोचायचं आणि एकला तिच्याबरोबर घरी. पहिल्या दिवशी तिसऱ्या पट्टीपाशी शटर अडलं. मी सांगायच्या आत तिने डावीकडून धक्का दिला होता, असं काशीराम सांगतो. एकतीस वर्षांत एकदाही ती शटर उघडताना तिथे नव्हती, पण रोज रात्री मी घरी येऊन कुरकुरत होतो ते तिने ऐकलं असणार. कान माझे एकट्याचेच आहेत असं मी समजत होतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

आपला,
दशरथ

ता. क. आता आम्ही दोघे सहाला बरोबर जातो. आधी ती, मग मी. ती बाकावर बसून माझे आकडे वहीत लिहिते, मोठ्याने वाचून. तीन मिनिटं पंचावन्नच्या खाली श्वेता जाऊ देत नाही. इतक्या सावकाश ओढून दम कसा राखायचा, दांडा परत कधी सोडायचा, हे तिला विचारलं तर म्हणते, “हातांका विचारा.” माझ्या हातांना लेथ कळतो. तेव्हा खरं काम हे की, कसं ओढायचं ते तुम्ही चार ओळींत लिहून काशीरामजवळ द्यावं. वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवू नये, तिथलं टपाल आता तीच फोडते.

आणखी एक ता. क. (हा कागद वेगळा घडी करून घातला आहे. सूनबाईंना वाचायला देऊ नये.) वर सहाव्या आठवड्यातला गुरुवार लिहिलं आहे. गुरुवार खरा. टाकी साफ झाली तो गुरुवार मात्र चौथ्या आठवड्यातला. माणिकरावांची नोटीस तारखेसह अजून फळ्यावर लटकते आहे, सौरभ रोज तिच्यासमोरून जातो आणि माझा जीव रोज तिथे अडकतो. म्हणजे खोडलेल्या वीस ओळींतल्या पहिल्या बारा मी न कळत लिहिल्या आणि शेवटच्या आठ कळून लिहिल्या, आणि रविवारी व्हिडिओ निघणार नसता तर आणखीही लिहिल्या असत्या. शेरा सगळ्यांपुढे एकच आहे. तेवढी एक खोटी नोंद वहीत अजून शिल्लक आहे. काशीरामला हे विचारता येत नाही, म्हणून तुम्हांला विचारतो, सांगू का पोराला? तुम्ही म्हणाल तसं करीन. पण सांगितलं तर तो विचारणार, आठ दिवस कशासाठी गप्प बसलात. निम्मं चावीसाठी, हे त्याला पटेल. निम्म्याचं कसं सांगू? ते आठही दिवस मी सहा वीसला मीटर रूमच्या आड उभा होतो. बोललो असतो तर ती यायची थांबली असती, आणि ती ओढ मला ऐकायची होती.